मासा गिळणारी गोगलगाय

प्रवाळ खडकातला लहानसा मासा दचकला, की डोळ्याचे पाते लवण्याआधी कपारीत दिसेनासा होतो. गोगलगायीला तेवढ्या वेळात आपली शिंगेही पुरती आत ओढून घेता येत नाहीत. तरीही उष्ण समुद्रांतील एक गोगलगाय मासे खाऊनच जगते, आणि तेही मेलेले किंवा आजारी नव्हेत, चांगले धडधाकट. तिचे शास्त्रीय नाव कोनस जिओग्राफस. शंखावरच्या तपकिरी ठिपक्यांची आणि रेषांची नक्षी जुन्या नकाशातल्या बेटांसारखी दिसते, म्हणून कार्ल लिनियस यांनी 1758 मध्ये तिला हे नाव दिले. या लेखात तिला भूगोल शंकू म्हटले आहे.

पाठलाग करण्याची ताकद नसलेल्या प्राण्याला पळणारे भक्ष्य मिळते कसे, याचे उत्तर तिच्या विषात आहे. सापाने डंख करून सोडलेला उंदीर थोडा दूर जाऊन मेला तरी चालते, कारण सापाला माग काढत तिथवर जाता येते. गोगलगायीला ती सोय नाही. डंख झालेला मासा हातभर जरी लांब गेला, तरी तो तिच्या पोटात न जाता दुसऱ्याच कोणाच्या तरी पोटात जाईल. म्हणून तिचे विष तत्काळ आणि नेमक्या जागी लागू पडावे लागते. शंकूंच्या विषात जे जे आश्चर्याचे आहे, ते बहुतेक या एका अडचणीतून आलेले आहे.

शंख आणि त्यातला प्राणी

शंकूंच्या कुळात नऊशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या विषारी आहेत. बहुतेक जाती समुद्रातल्या किड्यांवर जगतात, काही इतर गोगलगायी खातात, आणि थोड्याच जाती मासेखाऊ आहेत. माणसाचा विचार केला तर या सर्वांत घातक आहे तो भूगोल शंकू.

तो तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरातून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत, मुख्यतः प्रवाळ खडकांच्या आसपास आढळतो. भारताच्या हद्दीत लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हा त्याचा प्रदेश. शंकू कुळातल्या काही जाती महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही सापडतात, पण भूगोल शंकूला लागणारी प्रवाळ वस्ती तिथे फारशी नाही. पूर्ण वाढलेल्या शंखाची लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर भरते. इतर शंकूंच्या जाड, जड शंखांच्या मानाने हा शंख पातळ आणि हलका असतो आणि त्याचे तोंड रुंद असते. तोंड रुंद का, हे शिकार पाहिल्यावर कळते.

दिवसा हा प्राणी खडकाखाली किंवा वाळूत दडून असतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो. त्याची नजर अधू आहे. त्याची खरी भिस्त वासावर असते. पुढे काढलेल्या एका नळीतून तो पाणी आत घेतो आणि त्या पाण्यात मिसळलेल्या रसायनांवरून जवळपास मासा आहे का, कोणत्या बाजूला आहे, हे ओळखतो.

तोंडाचा पाग

लहान मासे रात्री कपारीत विसावलेले असतात. भूगोल शंकू त्यांच्या दिशेने सरकतो आणि तोंडाभोवतीची कातडी पसरू लागतो. पसरत पसरत तिचा एवढा मोठा घेर होतो, की कोकणातल्या खाडीत उथळ पाण्यावर टाकलेला पाग डोळ्यांसमोर यावा. फरक एवढाच, की पाग झपकन पडतो आणि मासळीला सुटायला वेळ देत नाही. शंकूचा हा घेर मात्र अगदी सावकाश मासोळ्यांवर येतो. कधी एक, कधी एकाच वेळी अनेक मासे त्यात जातात. घेराचे तोंड मिटते, आणि त्यानंतर आतल्या आत एकेका माशाला डंख केला जातो. काही तासांनी काटे, खवले आणि वापरलेले दात बाहेर टाकले जातात.

हे दृश्य पाहणाऱ्या संशोधकांना खरा पेच पडला तो माशांच्या वागण्याचा. घेर जवळ येताना दिसत असूनही मासे निसटत नाहीत. ते गुंगी आल्यासारखे जागच्या जागी राहतात, काही तर सरळ आत जातात. डंख तर अजून झालेलाच नसतो. म्हणजे डंखाआधीच पाण्यात काहीतरी सोडले जात असले पाहिजे, असा तर्क होता. भूल पाडणाऱ्या या घटकांच्या गटाला संशोधकांनी ‘निर्वाण’ हे नाव दिले. त्यात नेमके काय आहे, याचा एक महत्त्वाचा भाग 2015 मध्ये उलगडला.

रक्तातली साखर उतरवणारे विष

अमेरिकेतील युटा विद्यापीठात हेलेना सफावी-हेमामी आणि बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या गटाने भूगोल शंकूच्या विषग्रंथीत चक्क इन्सुलिन शोधून काढले. प्रत्येक गोगलगायीच्या शरीरात तिच्या स्वतःच्या गरजेपुरते इन्सुलिन असतेच, पण ते गोगलगायीच्या धाटणीचे असते. विषग्रंथीत सापडलेले इन्सुलिन मात्र माशांच्या इन्सुलिनच्या धाटणीचे निघाले. स्वतःच्या उपयोगाचे नसलेले, केवळ भक्ष्यासाठी घडवलेले संप्रेरक या प्राण्याने साठवले होते.

इन्सुलिनचे काम मधुमेहामुळे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. ते रक्तातली साखर पेशींमध्ये पोहोचवते. प्रमाणाबाहेर इन्सुलिन मिळाले तर रक्तातली साखर एकदम उतरते, मेंदूला इंधन पुरत नाही, माणसाला घाम फुटतो, भोवळ येते, शुद्ध हरपते. माशाचेही तेच होते. त्याच्या कल्ल्यांमधून रक्त अगदी पातळ पडद्याआडून वाहत असते, त्यामुळे पाण्यात सोडलेले इन्सुलिन कल्ल्यांवाटे शरीरात शिरत असावे असे संशोधकांचे मत आहे. प्रयोगशाळेत या इन्सुलिनची कृत्रिम प्रत झेब्राफिश या माशांना टोचल्यावर त्यांच्या रक्तातली साखर घटली. त्यांच्या पिल्लांच्या पाण्यात ते मिसळल्यावर पिल्लांचे पोहणे मंदावले.

साखर घटू लागली की शरीर गप्प बसत नाही. ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक यकृतातली साठवलेली साखर मोकळी करते आणि पातळी पुन्हा वर आणते. शंकूने तीही वाट अडवलेली आहे. 2024 मध्ये याच जातीच्या विषात सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची नक्कल करणारे एक पेप्टाइड सापडले. ते ग्लुकागॉन स्रवू देत नाही. एकाने साखर खाली आणायची आणि दुसऱ्याने ती वर येऊ द्यायची नाही, अशी ही जोडी आहे. एकाच हत्यारावर विसंबून न राहता शरीराच्या बचावाचाही बंदोबस्त करण्याची ही पद्धत शंकूंच्या विषात पुन्हा पुन्हा दिसते.

एकदाच वापरायचा दात

पाणथळ जागी दिसणाऱ्या साध्या गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या अनेक ओळी असतात आणि त्यांनी ती शेवाळ खरवडते. शंकूच्या पूर्वजांचेही दात असेच होते. उत्क्रांतीत त्यांचे रूप पालटले. आता प्रत्येक दात लांब, पोकळ, टोकाला आकडे असलेला आणि कायटिन या टणक पदार्थाचा बनलेला असतो. कोळंबीचे कवचही कायटिनचेच. दाताचे काम आता खरवडण्याचे राहिलेले नाही. तो देवमाशाच्या शिकारीतल्या हार्पूनचे आणि इंजेक्शनच्या सुईचे काम एकदम करतो.

हे दात एका पिशवीत राखीव ठेवलेले असतात. डंखाची वेळ आली की त्यांतला एक दात लांबणाऱ्या सोंडेच्या टोकाशी येतो. शरीरात एक लांब, वेटोळी घातलेली नळी असते. विष तयार होते ते या नळीच्या भिंतींत. नळीच्या मागच्या टोकाला स्नायूंचा एक फुगा असतो. पूर्वी त्यालाच विषाची थैली समजत, पण तो विष बनवत नाही, फक्त दाबून पुढे ढकलतो. त्या दाबाने विष पोकळ दातातून भक्ष्याच्या अंगात जाते. कोनस कॅटस या दुसऱ्या मासेखाऊ शंकूचा डंख वेगवान कॅमेऱ्याने टिपला असता दात सुटायला एक मिलिसेकंदही लागत नाही असे दिसले. एक दात एकाच डंखासाठी असतो. पुढच्या वेळी नवा दात पुढे येतो.

चेतांचे संदेश कुठे तुटतात

शंकूच्या विषातले मुख्य घटक कोनोटॉक्सिन म्हणून ओळखले जातात. ती लहान प्रथिने, म्हणजे पेप्टाइडे आहेत. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की प्रथिनाची साखळी बनते. माणसाच्या शरीरातल्या बहुतेक प्रथिनांत ही संख्या शेकड्यांत असते. कोनोटॉक्सिनमध्ये ती साधारण दहा ते पस्तीस एवढीच असते. इतकी आखूड साखळी एरवी सैल लोंबती राहिली असती. इथे मात्र गंधकाचे बंध तिला दोन-तीन ठिकाणी आतून बांधून टाकतात, त्यामुळे तिचा आकार पक्का राहतो. हा पक्का आकारच तिचे बळ आहे, कारण शरीरात ती कुठे जाऊन बसणार हे त्यावरून ठरते.

ती कुठे बसते हे समजण्यासाठी स्नायू हलतो कसा हे थोडक्यात पाहावे लागेल. चेतातंतूतून विजेचा संदेश येतो. तंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे कण आत शिरतात, त्यामुळे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते. ते पलीकडच्या स्नायूवर असलेल्या ग्राहींना चिकटते. मग स्नायूच्या आवरणातल्या मार्गिका उघडतात, सोडियमचे कण आत धावतात आणि स्नायू आकसतो. एवढ्या सगळ्या पायऱ्या नीट पार पडल्या तरच मासा शेपटी हलवू शकतो किंवा माणूस श्वास घेऊ शकतो.

भूगोल शंकूच्या विषात यांतल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर घाव घालणारे पेप्टाइड आहे. ओमेगा गटातली पेप्टाइडे कॅल्शियमची मार्गिका बंद करतात, म्हणून रसायन बाहेरच पडत नाही. अल्फा गटातली स्नायूवरच्या ग्राहींची जागा अडवतात. म्यू गटातली स्नायूंतली सोडियमची मार्गिका बुजवतात. यांतल्या कोणत्याही एकाने स्नायू ढिला पडू शकतो. तिन्ही एकत्र आल्यावर सुटकेला वाव उरत नाही. मेंदूतल्या एका वेगळ्या ग्राहीवर परिणाम करणारे कोनँटोकिन-जी हे पेप्टाइडही याच जातीतले. ते मेंदूत टोचल्यावर दोन आठवड्यांहून लहान उंदीर झोपी जातात आणि मोठे उंदीर उलट सैरभैर धावू लागतात. म्हणून सुरुवातीला त्याला ‘झोपवणारे पेप्टाइड’ म्हणत.

एकेका शंकूच्या विषात अशी शंभराहून अधिक पेप्टाइडे असतात, आणि एका जातीतली पेप्टाइडे दुसऱ्या जातीत सहसा जशीच्या तशी आढळत नाहीत. जाती शेकड्यांनी असल्याने एकूण संख्या लाखाच्या घरात जाते असा अंदाज केला जातो. त्यांतली फारच थोडी आजवर नीट तपासली गेली आहेत.

शिकारीचे एक, बचावाचे दुसरे

एवढ्याशा माशासाठी माणूस मारणारे विष कशाला, हा प्रश्न संशोधकांपुढे बरीच वर्षे होता. त्याचे समाधानकारक उत्तर 2014 मध्ये मिळाले. सेबास्तियाँ द्युतेर्त्र, रिचर्ड लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूगोल शंकूकडून दोन प्रकारे विष मिळवले, एकदा मासा दाखवून आणि एकदा शंखाला धोका असल्याचे भासवून. दोन्ही वेळचे विष तपासले तेव्हा ते वेगवेगळे निघाले.

शिकारीच्या वेळी सोडलेल्या विषात माशांवर चालणारी पेप्टाइडे होती आणि माणसाच्या ग्राहींवर त्यांतली बहुतेक निष्प्रभ ठरली. बचावाच्या विषात मात्र स्नायू लुळे करणारी अल्फा आणि म्यू गटातली पेप्टाइडे भरपूर होती. विषनळीचे भागही वाटून दिलेले आढळले. स्नायूंच्या फुग्याजवळच्या मागच्या भागात बचावाचे विष बनते, तोंडाकडच्या भागात शिकारीचे. ज्या प्राण्याचा शंख पातळ आहे आणि ज्याला पळता येत नाही, त्याने मोठ्या शत्रूसाठी वेगळा साठा राखावा यात नवल नाही. हातात उचललेल्या शंखाला माणसाचा पंजाही शत्रूच वाटतो, आणि म्हणूनच माणसाला मिळते ते हे दुसरे विष.

माणसाला होणारा डंख

शंकूच्या डंखाने आलेल्या मृत्यूची सर्वांत जुनी नोंद जॉर्ज रुम्फियस या निसर्गअभ्यासकाची आहे. डच व्यापारी कंपनीच्या नोकरीत ते आताच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहत. त्यांच्या निधनानंतर 1705 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीची हकिगत आहे. जाळे ओढताना सापडलेला शंकू तिने नुसता हातात धरला होता. हाताला खाज सुटली, ती दंडापर्यंत चढत गेली आणि ती स्त्री मरण पावली. ऑस्ट्रेलियात 1935 मध्ये क्वीन्सलँडच्या हेमन बेटावर एका तरुणाचा भूगोल शंकूच्या डंखाने काही तासांत मृत्यू झाला. जगभरातल्या नोंदलेल्या मृत्यूंची संख्या तीन डझनांच्या आसपास आहे आणि त्यांतले बहुतेक याच एका जातीमुळे झालेले आहेत.

इंग्रजीत या शंकूला ‘सिगारेट स्नेल’ असेही म्हणतात. डंख झाल्यावर एक सिगारेट ओढण्याइतकाच वेळ हातात उरतो, अशी त्यामागची समजूत आहे. ती खरी नाही, आणि तिच्यामुळे प्रयत्न सोडून दिले जाण्याचा धोकाही आहे. मृत्यू सहसा काही तासांनी येतो, आणि त्या तासांत पुष्कळ काही करता येते.

भूगोल शंकूचा डंख पुष्कळदा फारसा दुखतही नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. मग डंखाची जागा बधिर होते, ओठ बधिर होतात, पापण्या जड होतात, दोन-दोन दिसू लागते, जीभ वळेनाशी होते. शेवटी छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू थांबतो. हृदयावर सहसा थेट आघात होत नाही, माणूस दगावतो तो श्वास बंद पडल्याने. म्हणूनच कृत्रिम श्वास देत राहिले तर विषाचा अंमल उतरून रोगी पूर्ण बरा होऊ शकतो.

डंख झाल्यास
या विषावर उतारा उपलब्ध नाही. डंख झालेला हात किंवा पाय अजिबात हलू देऊ नये. त्यावर रुंद पट्टी घट्ट गुंडाळावी, फळी बांधावी आणि रोग्याला न चालवता व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये. वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देणे सुरू करावे आणि थांबवू नये. समुद्रातला जिवंत शंकू कोणत्याही बाजूने धरणे सुरक्षित नसते, कारण सोंड मागे वळून पोहोचू शकते आणि दात हातमोज्यातूनही आरपार जाऊ शकतो.

विषातून औषध

ऑलिव्हेरा मूळचे फिलिपाइन्सचे. अमेरिकेत डीएनएवर काम करून ते मनिलाला परतले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत ते काम पुढे नेण्याजोगी साधने नव्हती. किनाऱ्यावर शंकू मात्र मुबलक होते. लुर्देस क्रुझ यांच्यासह त्यांनी भूगोल शंकूचे विष वेगळे करायला घेतले आणि स्नायू लुळे पाडणारी पेप्टाइडे शोधली. पुढे युटात त्यांच्या विद्यार्थ्यांनी विषाचे एकेक घटक उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिले. प्रत्येक घटकाने उंदराचे वागणे वेगळे केले. कोणी झोपला, कोणी थरथरला, कोणी अंग खाजवू लागला. विष म्हणजे एकच जहाल रस नसून नेमकी कामे वाटून घेतलेल्या अनेक रेणूंचा संच आहे, हे या साध्या प्रयोगांतून उघड झाले. पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे घातला गेला.

थरथर आणणारे पेप्टाइड ओमेगा गटातले होते. कोनस मॅगस या दुसऱ्या एका शंकूच्या विषातून असेच एक पेप्टाइड मायकेल मॅकिंटॉश यांनी वेगळे केले. तेव्हा ते शाळा संपवून नुकतेच प्रयोगशाळेत आलेले विद्यार्थी होते. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाण्यासाठी कॅल्शियमची जी मार्गिका लागते, नेमकी तीच हे पेप्टाइड बंद करते. पंचवीस अमिनो आम्लांच्या या साखळीची कृत्रिम प्रत म्हणजे झिकोनोटाइड हे औषध. डिसेंबर 2004 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. मर्यादाही मोठ्या आहेत. ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच सोडावे लागते आणि त्याने भ्रम, गोंधळ असे त्रास होऊ शकतात. म्हणून इतर उपाय थकलेल्या तीव्र, जुनाट वेदनेसाठीच ते वापरले जाते.

इन्सुलिनची गोष्ट याहून अधिक आशादायक वाटते. माणसाच्या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्ले असतात, भूगोल शंकूच्या इन्सुलिनमध्ये 43. माणसाच्या शरीरात इन्सुलिनचे सहा-सहा रेणू एकत्र गट्टा करून साठतात, आणि टोचल्यावर तो गट्टा सुटेपर्यंत परिणाम दिसायला वेळ लागतो. गट्टा बांधणारे साखळीचे टोकच शंकूच्या इन्सुलिनमध्ये नाही, म्हणून ते सुटे राहते आणि लगेच काम करते. तेच टोक माणसाच्या इन्सुलिनमध्ये इन्सुलिनच्या ग्राहीला घट्ट धरण्यासाठीही लागते. ते नसतानाही शंकूचे इन्सुलिन ग्राहीला कसे धरते, हे 2016 मध्ये त्याच्या रचनेच्या अभ्यासातून कळले. त्या धड्यावरून 2020 मध्ये माणसाच्या इन्सुलिनचे टोक कापून आणि त्यात चार अमिनो आम्ले बदलून एक छोटे इन्सुलिन तयार करण्यात आले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मूळ इन्सुलिनइतकेच समर्थ ठरले.

भारतातले काम आणि शंकूंचे भवितव्य

भारतीय किनाऱ्यांवरच्या शंकूंच्या विषावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांच्या गटांनी वर्षानुवर्षे काम केले. येथील किडेखाऊ आणि गोगलगायखाऊ जातींमधली अनेक पेप्टाइडे त्यांनी वेगळी केली आणि त्यांची रचना उलगडली. या कामाला जितकी प्रसिद्धी मिळायला हवी होती तितकी ती मिळालेली नाही.

शंकूंचे शंख सुंदर असल्याने त्यांना शतकानुशतके मागणी आहे. पर्यटनस्थळी दुकानात विकला जाणारा प्रत्येक शंकू जिवंत असतानाच पकडलेला असण्याची शक्यता असते. 2013 मध्ये 632 जातींच्या स्थितीची तपासणी झाली, तेव्हा सुमारे दहा टक्के जाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. त्यांतल्या बऱ्याच जाती एखाद्या बेटाभोवतीच राहणाऱ्या आहेत. भूगोल शंकूचा प्रदेश विस्तीर्ण असल्याने त्याला तूर्त तसा धोका नाही. मात्र पाणी तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडून मरू लागले आहेत, आणि ज्या कपारींत तो दिवसा दडतो व रात्री मासे शोधतो त्या याच प्रवाळांच्या आहेत.